उलटा धरलेला चेक

१२ फेब्रुवारी

बक्षीसबाई,

तुमचं खरं नाव तुमच्या कार्डावर आहे. पण आमच्या घरात तुमचं नाव बक्षीसबाई पडलं आणि एकदा पडलेलं नाव आमच्याकडे पुसलं जात नाही. रागावू नका. माझ्या मुलाला सगळी गल्ली किल्लीवाला म्हणते, त्याचं पाळण्यातलं नाव आता त्यालाही आठवून सांगावं लागतं.

काल तुम्ही लॉटरीच्या ऑफिसातून गाड्या बदलत बदलत एवढ्या लांबून आलात, तुमचे आभार मानायचे राहिले. बक्षीस लागलेल्या माणसाला आधी खाली बसवायचं, पाणी द्यायचं आणि मग सगळं समजावून सांगायचं, असा तुमच्या ऑफिसचा नियम आहे म्हणालात. इथे उलटंच झालं. आमचा जिना चढून तुम्हालाच धाप लागली आणि पाणी मी दिलं.

तुम्ही गेल्यावर सूनबाई औषधाच्या दुकानातल्या कामावरून आली. तुम्ही सांगितलेलं सगळं मी तिला सांगितलं. एका देशात म्हणे बक्षीस लागलेला माणूस अस्वलाचा मुखवटा घालून चेक घेतो, कारण नातेवाइकांची भीती. दुसरीकडे नावगाव छापावंच लागतं, नाहीतर लोक म्हणणार, बक्षीस साहेबाच्या मेव्हण्यालाच लागलं. एका देशात शाळेतली पोरं आकडे गाऊन सांगतात. कुठे सरकार स्वतः तिकिटं विकतं, कुठे कंपनीला परवाना देऊन तिच्या मानगुटीवर बसतं, आणि कुठे लॉटरीचं नाव काढलं तरी तुरुंग. सूनबाई म्हणाली, आपल्याकडे काय? म्हटलं, आपल्याकडे लपायचं की दिसायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. पण एकदा छापलं की शब्द परत घेता येत नाही.

बघा, एवढं सगळं लक्षात राहिलं. मी शाळेत फार गेले नाही. वाचायला शिकले तीसहून पुढे, तेही टेबलाच्या उलट्या बाजूने. एक शाळकरी मुलगी समोर बसून अभ्यास करायची आणि मी इकडच्या बाजूला गणवेशाच्या सदऱ्यांना बटणं लावायची. ती बोट ठेवून मोठ्याने वाचायची, मी समोरून बघायची. त्यामुळे अक्षरं मला आधी डोक्यावर उभी भेटली. पायावर उभं राहायला ती नंतर शिकली. अजूनही घाबरले की कागद आपोआप उलटा धरला जातो.

तिकिटाचं मात्र खरं तेच सांगितलं. दुकानदाराकडे सुट्टे नव्हते म्हणून त्याने तिकीट हातावर ठेवलं. अशी जबरदस्ती दुकानदाराने करायची नसते, हे तुमच्याकडूनच कळलं. म्हणून दुकान कुठलं ते मी सांगणार नाही. मी तर भांडले होते त्याच्याशी, म्हटलं, निदान लिमलेटच्या गोळ्या तरी दे.

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. आमचं आधीच गळत होतं, त्याला काही त्रास पडला नाही.

मुलगा म्हणतो, नाव लपव. कुलपं दुरुस्त करणारा माणूस, त्याला सगळंच बंद करून ठेवावंसं वाटतं. मी म्हटलं, मला फोटो हवा. का म्हणाल, तर मला फोटोची हौस आहे. दुसरं काही नाही.

तुम्ही विचार करायला दिवस दिलेत, घाई केली नाहीत, हे विसरणार नाही.

तुमची,
तिकीटवाली म्हातारी


२० फेब्रुवारी

बक्षीसबाई,

तुमचा फोन आला तेव्हा मुलगा शेजारी उभा होता, म्हणून मी नुसतं हो हो म्हणत होते. आता तो दुकानात गेलाय. सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारलंत, आजी, खरं सांगा, हौसेसाठी कुणी एवढा धोका घेतं का? तुम्ही इतकं हळू विचारलंत की दुसऱ्यांदा खोटं बोलवेना.

मला थोरली मुलगी आहे. समोर बसून अभ्यास करायची ती हीच.

तिने आपल्या मनाने लग्न केलं. मुलगा चांगला होता, गाड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पण आमच्या ह्यांना विचारलं नव्हतं. हेही कुलूपवालेच. माणूस चिडला की कुणी भांडी आपटतं, कुणी जेवत नाही. ह्यांनी घराच्या दारात बसवलेलं कुलूपच बदललं. चार दिवसांचा राग होता, मला ठाऊक आहे. पण त्याच चार दिवसांत ती आली. मी गणवेशांचा गठ्ठा पोचवायला शिंप्याकडे गेले होते. खालच्या मजल्यावरच्या बाईने पाहिलं. पोरीने आपली किल्ली घातली, फिरवली, पुन्हा फिरवली. दार वाजवलं नाही. जिना उतरून गेली.

मग ती दोघं परदेशी गेली. एक पत्ता मिळाला होता. तिथे लिहिलेलं पत्र शिक्के खाऊन परत आलं. ह्यांनी ते जुनं कुलूप विकलं नाही, डब्यात टाकून ठेवलं. गेले तेव्हा डबा उशाशी होता. त्यांना मी काही बोलत नाही. ते बिचारे स्वतःशीच पुष्कळ बोलून गेले.

आता सांगा, मी मुखवटा घालू? तुमच्या त्या अस्वलाला लपायचं होतं. मला सापडायचंय. माझा पत्ता बदललेला नाही, पण हे तिला कोण सांगणार? पेपरात माझं तोंड आलं, खाली गावाचं नाव आलं, तर कधीतरी कुठेतरी तिच्या नजरेला पडेल.

मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आई, ज्याला यायचं असतं त्याला फोटो लागत नाही." मग उठला आणि न जेवता कामावर गेला. ती गेली तेव्हा तो एवढासा होता. तिच्या पाठीवर बसून जिना उतरायचा. रुसवा त्याचाही आहे, फक्त तो मोठ्या माणसाचा आवाज काढून बोलतो.

कागदावर सही करून पाठवते आहे. "नाव व छायाचित्र प्रसिद्ध करण्यास हरकत नाही" असं लिहिलंय तिथे केली. बरोबर जागी आहे ना? सूनबाईने बोट ठेवून दाखवलं.

तुम्ही मला "नको" म्हणाला नाहीत. सगळे देश सांगितलेत आणि मग गप्प बसलात. असं गप्प बसणं सगळ्यांना जमत नाही. मला तर मुळीच नाही.

तुमची,
सापडायला निघालेली म्हातारी


६ मार्च

बक्षीसबाई,

हसा. सगळे हसतायत, तुम्ही का मागे राहाल?

चेक द्यायच्या तुमच्या त्या हॉलमध्ये मी दबकत शिरले. एवढे दिवे, एवढे लोक. आणि तो चेक! मला वाटलं होतं, चेक म्हणजे पाकिटात मावेल एवढा. तो तर दाराएवढा निघाला. तुमच्या साहेबांनी दिला, मी घेतला आणि घाबरून फिरवला. फोटोवाल्याचा दिवा लखलखला. मग कुणीतरी ओरडलं, आजी, उलटा! मग सरळ धरला, पुन्हा फोटो झाला.

मी निश्चिंत होते की सरळ फोटो छापतील. आणि पेपर उघडते तर काय, चेक डोक्यावर उभा आणि मागे मी, दात नसलेलं तोंड उघडून हसतेय. दुकानदार पेपर घेऊन जिना चढत आला. त्याला म्हटलं, तू तर बोलूच नकोस, तुझं नाव अजून माझ्या पोटात आहे.

मुलाने तुम्हाला फोन करून जाब विचारला, त्याबद्दल मी माफी मागते. तुम्ही त्याला सांगितलंत की सरळ फोटोत आजींचे डोळे मिटले होते, उलट्या फोटोत उघडे होते. चेक कुणीही वाचेल, पण ज्यांना आजींचा चेहरा बघायचाय त्यांना डोळे दिसले पाहिजेत, म्हणून तुम्ही तोच निवडलात. हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. म्हणाला, "ती बाई नोकरी करते की काय करते?" आमच्याकडे ही स्तुती आहे.

साहेब तुमच्यावर रागावले, हेही कळलं. खात्याचं हसं झालं म्हणाले. त्यांना माझ्याकडून सांगा, हसं माझं झालंय, खात्याचं नाही, आणि माझी काही तक्रार नाही.

सूनबाई म्हणते, तो फोटो फोनवरून फोनवर फिरतोय. तिच्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आलेला परका माणूस तिलाच दाखवत होता, बघा ही म्हातारी. ती म्हणाली, बघते रोज, माझी सासू आहे.

छप्पर दुरुस्त झालं. पहिल्या दिवशी मला झोप लागेना. बादलीत टपटप ऐकायची सवय झाली होती.

तुमची,
उलटी म्हातारी


२८ मार्च

बक्षीसबाई,

तुम्ही पाठवलेलं पोतं पोचलं. घराचा पत्ता गुप्त ठेवून सगळी पत्रं ऑफिसात घ्यायची आणि मग पाठवायची, हा नियम ज्याने केला त्याचं भलं होवो. नाहीतर आमचा जिना कोसळला असता.

असतील शितं तर जमतील भुतं, दुसरं काय. एक जण लिहितो, तो ह्यांचा जुळा भाऊ आहे. ह्यांना सहा बहिणी होत्या आणि जुळं कुणीच नव्हतं. एकाला माझ्या पैशांनी बोट घ्यायची आहे. एका विधुराने लग्नाची मागणी घातलीय. स्वतःचे सगळे दात आहेत, असं मुद्दाम लिहिलंय. सूनबाई म्हणाली, आई, विचार करा. मुलाने चहाचा कप ठेवला आणि आमच्या दोघींकडे असं बघितलं की आम्ही हसून हसून दमलो.

पण एक गोष्ट हसण्यासारखी झाली नाही.

तुमच्या ऑफिसात एका बाईने फोन केला आणि मीच ती मुलगी म्हणाली. तुम्ही तिचा नंबर दिलात, पण जपून, असं दोनदा बजावलंत. मी जपून वगैरे काही केलं नाही. नंबर लावला आणि आवाज ऐकूनच रडायला लागले. तीही रडत होती. मुलाने माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, मला काय हाक मारायचीस? ती म्हणाली, दादा.

अहो, तो तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याने फोन ठेवला. मला वाटलं आता म्हणेल, सांगितलं होतं ना. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "शेंबड्या म्हणायची मला."

मी त्याच्या डोक्यावर हात फिरवला. एवढा मोठा माणूस, टक्कल पडायला लागलंय.

बक्षीसबाई, तुम्हाला वाईट वाटून घ्यायचं नाही. तुम्ही नंबर दिला नसतात तर मी आयुष्यभर म्हटलं असतं, तीच होती. पण आता पोतं रिकामं झालंय. तिचं अक्षर त्यात नाही. पेपर शिळा झाला, लोक दुसऱ्या कशालातरी हसायला लागले. मी रोज टेबलाशी बसते. बटणं लावायची गरज उरलेली नाही, तरी शिंप्याकडून एक गठ्ठा मागून आणते. हात मोकळे राहिले की डोकं नको तिकडे जातं.

सापडायला निघाले खरी, पण शोधणारं कुणी असायला हवं ना.

तुम्ही फोनवर म्हणालात, आजी, कुठलाही निरोप आला, कितीही विचित्र असला तरी मी पोचवीन. तेवढ्यावर मी उद्याही टेबलाशी बसेन.

तुमची,
म्हातारी


९ एप्रिल

बक्षीसबाई, अहो बक्षीसबाई,

घाईत लिहितेय, अक्षर वाकडं येईल. समजून घ्या.

काल तुमचा निरोप आला. तुम्ही लिहिलंत की परदेशातून एका बाईचा फोन होता. तिने नाव सांगितलं नाही, नातं सांगितलं नाही, पैशांचं विचारलं नाही. फक्त म्हणाली, "त्या आजींना विचारा, अजून समोरूनच वाचता का?" आणि आपला नंबर देऊन फोन ठेवला. तुम्ही खाली लिहिलंत, बहुतेक कुणीतरी थट्टा केली असावी, पण कबूल केलं होतं म्हणून पाठवते.

थट्टा नाही हो. हे जगात एकाच माणसाला माहीत आहे. तुम्हाला मी पहिल्या पत्रात सांगितलं ते तुम्ही विसरलात, किती पत्रं येतात तुम्हाला. पण पेपराला मी हे सांगितलं नव्हतं. पेपराने लिहिलं होतं, आनंदाने भांबावलेल्या आजी. माझ्या लेकीने बघितलं आणि तिला कळलं की आजी भांबावलेली नाही, टेबलाच्या ह्या बाजूला बसलेली आहे.

मुलाने नंबर लावून दिला. मी काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं, इतक्या वर्षांचं. तिकडून "हॅलो" आलं आणि मला एकच वाक्य सुचलं.

"बाळा, कुलूप चार दिवसांचंच होतं."

तिकडून ती म्हणाली, "मी वाजवायला हवं होतं गं आई."

बाकी काय बोललो ते सांगता येत नाही, ते बोलणं नव्हतंच. नंतर तिने विचारलं, शेंबड्या कुठाय? मुलगा शेजारीच उभा होता, त्याने ऐकलं. फोन घेतला नाही. आतल्या खोलीत गेला आणि ह्यांचा डबा काढून खडखड करायला लागला. मला वाटलं, रडणं लपवायला आवाज करतोय. तर तो ते जुनं कुलूप शोधत होता.

तो फोटो तिला कुणी दाखवला, सांगू? तिच्या नवऱ्याच्या गॅरेजात तेल बदलायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने. त्याला आपली भाषा येत नव्हती. नुसता उलटा चेक बघून हसत होता. म्हणजे बघा, चेक सरळ धरला असता तर तो पेपर आमच्या गावाच्या वेशीपाशीच थांबला असता. आणि तुम्ही तो फोटो निवडला नसतात तरी.

ते सगळे येतायत. सगळे म्हणजे किती ते तिने सांगितलं नाही. म्हणाली, बघशीलच.

तुमची,
जिला आता दुसरं काही नको ती म्हातारी


२ मे

बक्षीसबाई,

आता मी तुला अगं म्हणणार. अहो-जाहो बक्षिसापुरतं होतं.

ते सगळे आले. लिहिते त्या क्रमानेच वाच, मी मधलं सोडत नाही.

ज्या दिवशी यायचे होते त्या सकाळी मुलाने दाराचं कुलूप काढलं आणि जुनं बसवलं. ह्यांचं. म्हणाला, तिच्याकडे किल्ली असेल तर लागली पाहिजे. मी म्हटलं, अरे, इतक्या वर्षांची किल्ली कोण ठेवतं? म्हणाला, आपल्या घरातली आहे ती, ठेवेल. मग दार लावून घेतलं, आतून कुलूप फिरवलं, आणि आम्ही तिघं आत बसून राहिलो, शिक्षा झाल्यासारखे.

जिन्यावर पावलं वाजली. मी उठले. मुलगा म्हणाला, थांब, तिला उघडू दे.

किल्ली होती गं तिच्याकडे. कुलपात शिरली. फिरली सुद्धा, अर्धी. आणि अडकली.

गंजलं होतं. आमच्या किल्लीवाल्याने अख्ख्या गावाची कुलपं उघडली आणि स्वतःच्या दाराला तेल घालायचं विसरला. बाहेरून किल्ली निघेना, आतून कुलूप फिरेना. तो घामाघूम. सूनबाई स्वयंपाकघरातून तेल घेऊन धावली. बाहेरून माझी लेक म्हणतेय, "शेंबड्या, तुझ्या हातात द्यायला नको होतं बाबांनी दुकान." आणि हा आतून ओरडतोय, "तू ढकलू नकोस, तू नेहमी ढकलतेस." इतक्या वर्षांनी भेट, आणि दोघं दाराच्या दोन्ही बाजूंनी भांडतायत. मी भिंतीला टेकून हसत होते. रडत होते की हसत होते, सूनबाईला विचार, तिला ठाऊक.

आणि तेवढ्यात दाराखालच्या फटीतून एक कागद सरकत आत आला.

बाहेर माझी नात होती. तिला मी बघितलं नव्हतं, ती आहे हेच ठाऊक नव्हतं. मोठ्यांचं भांडण ऐकून कंटाळली असेल. जिन्यावर बसून, कागद दारासमोर ठेवून तिने काहीतरी लिहिलं आणि पुढे ढकललं. तिच्या बाजूने सरळ, म्हणजे माझ्या बाजूने उलटं. मोठी मोठी अक्षरं, आपलीच. लेकीने परदेशात पोरीला आपली अक्षरं शिकवली होती, बक्षीसबाई. कशी बसून शिकवली असतील, समोर की शेजारी, ते मी अजून विचारलेलं नाही.

मुलगा वाकला, कागद उचलून सरळ करून मला द्यायला गेला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, राहू दे तसाच.

जमिनीवर बसले आणि वाचलं. एका दमात. एकही अक्षर न अडता.

"आजी, आम्हाला भूक लागली आहे."